‘कार्टरचा विक्रम दुपटीने मोडला’: जेरेमाया स्मिथच्या नावावर फिरणाऱ्या दाव्यात काय चुकतं

ओहायो स्टेट या अमेरिकन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघाविषयी, एक दावा सतत पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, क्रिस कार्टरने १९८४ मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षी ४१ झेल, ६४८ यार्ड (झेलांतून पुढे नेलेलं अंतर) आणि ८ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्टीत नेणं) केले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे हे विद्यापीठातले विक्रम चाळीस वर्षं टिकले. २०२४ मध्ये जेरेमाया स्मिथ आला आणि त्याने पहिल्याच वर्षी ७६ झेल, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन केले. म्हणजे दुप्पट, तेही आजच्या वेगवान बचावासमोर. वर एका हाताचे झेल, वर राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हा कार्टरशी तुलना आता थांबवा.

यातले आकडे खरे आहेत. त्यांवर रचलेलं अनुमान जवळजवळ प्रत्येक पायरीला घसरतं. पहिल्या वर्षाचा खेळाडू म्हणून स्मिथचा हंगाम कार्टरच्या हंगामापेक्षा सरस होता, हे आम्हालाही मान्य आहे. पण तो सरसपणा ‘६४८ विरुद्ध १,३१५’ या जोडीत दिसत नाही, वेगळ्या ठिकाणी दिसतो. चुकीचा पुरावा दिल्याने कार्टर उगाच लहान होतो आणि स्मिथने खरोखर काय केलं तेही झाकलं जातं. शिवाय कार्टरचे चाहते या दाव्याला जे उत्तर देतात, तेही बऱ्याचदा तितकंच ढिलं असतं. म्हणून दोन्ही बाजू तपासू.

‘यार्ड दुप्पट, म्हणजे खेळाडू दुप्पट’

१,३१५ ला ६४८ ने भागलं की २.०३ येतात. या २.०३ चे तीन तुकडे पडतात: सामने किती, एका सामन्यात झेल किती, एका झेलामागे यार्ड किती.

सामने: १९८४ मध्ये ओहायो स्टेट १२ सामने खेळलं, नियमित हंगामाचे ११ आणि १ जानेवारी १९८५ चा रोझ बोल. (हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांना बोल म्हणतात.) २०२४ मध्ये १६ सामने झाले, नियमित १२ आणि नव्या बारा संघांच्या प्लेऑफचे, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांचे, ४. हा फरक १.३३ पट, आणि त्यात खेळाडूचं स्वतःचं काहीच नाही.

एका सामन्यातले झेल: कार्टर ३.४, स्मिथ ४.७५. म्हणजे १.३९ पट. यात खेळाडूचा वाटा आहे, पण प्रशिक्षक दिवसातून किती पास टाकायचे ठरवतो त्याचाही आहे.

एका झेलामागचे यार्ड: कार्टर १५.८, स्मिथ १७.३. फक्त १.०९५ पट.

१.३३ × १.३९ × १.०९५ करून पाहा, २.०३ येतात. म्हणजे ‘दुप्पट’ या शब्दाचा मोठा भाग जास्त सामने आणि जास्त पास यांतून आलेला आहे. क्रिकेटमध्ये कुणी वीस कसोट्यांतल्या एकूण धावा पंधरा कसोट्यांतल्या धावांशी थेट लावल्या, तर समोरचा लगेच सरासरी विचारतो. इथेही तोच प्रश्न पहिला यायला हवा. सामन्यामागे कार्टरचे ५४ यार्ड, स्मिथचे ८२. दीडपट. हा फरक मोठा आहे, पण दुप्पट नाही.

एक खाच मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती स्मिथच्या बाजूची आहे. कार्टरच्या ६४८ मध्ये रोझ बोलचे १७२ यार्ड धरलेले आहेत. ओहायो स्टेटची स्वतःची विक्रमांची वही बोल सामने धरते. राष्ट्रीय संघटना एनसीएए मात्र २००२ च्या हंगामाआधी बोल सामन्यांतली वैयक्तिक आकडेवारी अधिकृत बेरजेत धरत नव्हती. म्हणूनच ओहायो स्टेटचा जुना धावपटू आर्ची ग्रिफिनचे कारकिर्दीतले धावते यार्ड एका ठिकाणी ५,१७७ आणि दुसऱ्या ठिकाणी ५,५८९ दिसतात. दोन्ही बरोबर आहेत, वह्या वेगळ्या आहेत. जुन्या आणि नव्या खेळाडूची तुलना करताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: एकाचा आकडा एका वहीतून उचलला जातो, दुसऱ्याचा दुसऱ्या वहीतून.

आता बोल आणि प्लेऑफ दोन्हीकडून काढून टाका. कार्टरचे ११ सामन्यांत ३२ झेल आणि ४७६ यार्ड उरतात, सामन्यामागे ४३. स्मिथचे १२ सामन्यांत ५७ झेल आणि ९३४ यार्ड, सामन्यामागे ७८. हे प्रमाण १.८ होतं. म्हणजे नियमित हंगामापुरतं पाहिलं तर दावा बराच खऱ्याजवळ जातो. पण दावा करणारा हे गणित मांडत नाही. तो एकूण बेरीज दाखवतो, आणि त्या बेरजेत कार्टरचा सगळ्यात मोठा दिवस आणि स्मिथचे चार जादा सामने एकमेकांत मिसळलेले असतात.

‘आजचा बचाव जास्त कठीण’, आणि त्याला मिळणारं उत्तर: ‘तेव्हा कुणी पास टाकतच नव्हतं’

दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. उत्तरापासून सुरुवात करू, कारण ते कार्टरप्रेमींचं लाडकं आहे.

१९८४ मध्ये पास टाकले जात नव्हते हे सरळ चूक. त्याच वर्षी, ओहायो स्टेट ज्या गटात खेळतं त्याच बिग टेन परिषदेत, इलिनॉयच्या डेव्हिड विल्यम्सने एका हंगामात १०१ झेल घेतले. आजही हा आकडा कुठल्याही रिसीव्हरला मिरवता येईल. आयोवाकडे चक लाँग होता, पर्ड्यूकडे जिम एव्हरेट, इलिनॉयकडे जॅक ट्रुडो, तिघेही भरपूर पास टाकणारे क्वार्टरबॅक. राष्ट्रीय विजेता ठरलेला ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ तर पासवरच जगत होता. तेव्हा कार्टरचे झेल कमी असण्याचं कारण ‘काळ’ असं मोघम सांगून भागत नाही. कारणाला नाव आहे: ओहायो स्टेटचा धावपटू कीथ बायर्स.

बायर्स त्या वर्षी हाइजमन करंडकाच्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या) मतदानात डग फ्लूटीच्या मागे दुसरा आला. बोल धरून त्याने ३३६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि १,७६४ यार्ड केले. बारा सामन्यांत ३३६, म्हणजे सामन्यामागे २८ वेळा. १३ ऑक्टोबर १९८४ ला इलिनॉयविरुद्ध संघ ०–२४ असा मागे पडला होता. तिथून ४५–३८ असा विजय मिळाला तो बायर्सच्या २७४ यार्ड आणि ५ टचडाउनच्या जोरावर. त्यातल्या ६७ यार्डांच्या धावेत त्याचा बूट मध्येच निघाला आणि तो तसाच पळत राहिला. असा गडी हाताशी असताना अर्ल ब्रूससारखा प्रशिक्षक अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्या रिसीव्हरकडे दिवसातून दहा वेळा चेंडू का पाठवेल?

आता २०२४ चे आकडे शेजारी ठेवा. क्विन्शॉन जडकिन्सने १९४ वेळा धाव घेतली, ट्रेव्हियन हेंडरसनने १४४ वेळा. बेरीज ३३८. दोन नामवंत धावपटूंनी मिळून सोळा सामन्यांत जितका भार उचलला, तितका १९८४ मध्ये एकट्या बायर्सने बारा सामन्यांत उचलला. उरलेल्या डावांचं, म्हणजे चालींचं, काय झालं, तर क्वार्टरबॅक विल हॉवर्डने ४२३ पास टाकले, ३०९ पूर्ण केले, ४,०१० यार्ड आणि ३५ टचडाउन मिळवले. स्मिथ या प्रवाहात उभा होता. कार्टर दुसऱ्याच प्रवाहाच्या काठावर होता.

रचनेतला फरकही समजून घ्यायला हवा. १९८४ च्या ओहायो स्टेटचा पाया होता ‘आय’ रचना: क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्या सेंटरच्या मागे चिकटून, त्याच्यामागे फुलबॅक, त्याच्यामागे टेलबॅक (दोघेही चेंडू घेऊन धावणारे), आणि बाहेर दोनच रिसीव्हर. दहा यार्ड काढायला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. अशा संघात पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला बहुधा धाव होते, आणि पास यायची वेळ तिसऱ्या लांब डाउनला. तेव्हा पास येणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं. कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारा) दोन पावलं मागे सरकून उभा राहतो, सेफ्टी (बचावाचा शेवटचा राखणदार) आधीच खोल गेलेला असतो. रिसीव्हरला चेंडू मिळतो तो याच अवघड प्रसंगांत.

२०२४ मध्ये चिप केलीच्या आखणीत तीन रिसीव्हर, शॉटगन (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा), आणि धाव की पास हे चेंडू हातात आल्यानंतर ठरवायचे डाव होते. कॉलेजच्या नियमात आक्रमणाच्या फळीतले खेळाडू पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हीच मर्यादा एक यार्डाची आहे. त्या दोन यार्डांमुळे लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) धाव दिसते, तो पुढे झेपावतो, आणि त्याने सोडलेल्या जागेत तिरका पास जातो. रिसीव्हरला पहिल्या डाउनलाही मोकळा चेंडू मिळू लागतो.

म्हणून आजचा बचाव खेळाडूगणिक वेगवान असला तरी त्याच्यावरचं ओझंही वाढलेलं आहे. स्मिथच्या शेजारी इमेका इग्बुका होता, ८१ झेल आणि १,०११ यार्ड. कार्नेल टेट होता, ५२ झेल आणि ७३३ यार्ड. झेलांच्या संख्येत स्मिथ स्वतःच्या संघातही पहिला नव्हता. तिघांवर प्रत्येकी दोन रखवालदार ठेवता येत नाहीत, कारण मैदानावर बचावाचे अकराच असतात.

कार्टरप्रेमींचं आणखी एक वाक्य: ‘आज कॉर्नरबॅकला रिसीव्हरला हातच लावता येत नाही.’ हा एनएफएलचा नियम कॉलेजवर लादणं झालं. पाच यार्डांपुढे स्पर्श केला की दंड, हा नियम एनएफएलचा. कॉलेजमध्ये चेंडू हवेत जाईपर्यंत समोर आलेल्या रिसीव्हरला बचावपटू रोखू शकतो, फक्त धरू शकत नाही. स्मिथलाही हे सोसावं लागतं. जे खरोखर बदललं ते मैदानाच्या मध्यभागी. बेसावध रिसीव्हरच्या डोक्यावर आदळणाऱ्या बचावपटूसाठी २००८ मध्ये स्वतंत्र नियम आला आणि २०१३ पासून त्यासाठी सामन्यातून बाहेर काढलं जातं. १९८४ चा रिसीव्हर मध्यभागी तिरका धावताना चेंडूबरोबर सेफ्टीच्या हेल्मेटचाही अंदाज घेत असे.

उलट दिशेचा एक बदलही आहे. २०२३ च्या आधी कॉलेजमध्ये प्रत्येक नव्या फर्स्ट डाउनला (दहा यार्ड पार करून पुन्हा चार प्रयत्न मिळाले की) घड्याळ थांबायचं. आता ते दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं. त्यामुळे सामन्यातले डाव घटले. म्हणजे ‘आजच्या सामन्यात डाव जास्त’ हेही डोळे झाकून म्हणता येत नाही.

‘असे झेल कार्टरच्या काळात नव्हतेच’

स्मिथचे एका हाताचे झेल खरोखर पाहण्यासारखे आहेत. २८ सप्टेंबर २०२४ ला मिशिगन स्टेटविरुद्ध आणि पुढच्याच आठवड्यात आयोवाविरुद्ध त्याने एका हाताने टचडाउन झेल घेतले. त्यांचं कौतुक करताना चाळीस वर्षांपूर्वी असं काही नव्हतं म्हणायची गरज नाही.

एका हाताचा झेल घेण्याची वेळ का येते हे आधी पाहू. एक तर दुसरा हात बचावपटूने अडवलेला किंवा त्याला दूर ठेवण्यात गुंतलेला असतो. नाही तर चेंडू इतका बाहेर पडलेला असतो की दोन्ही हात तिथवर पोचतच नाहीत. एकच हात लांबवला की खांदा फिरतो आणि पोच वाढते. झेल सुटतो तो बहुतेक तीन कारणांनी. तळवा ताठ ठेवला की चेंडू आपटून उडतो, म्हणून हात चेंडूच्या दिशेनेच किंचित मागे न्यावा लागतो. चेंडूच्या फुगीर मध्यावर हात पडला की त्याची फिरकी त्याला बाहेर वळवते, म्हणून बोटं पुढच्या निमुळत्या भागावर यावी लागतात. आणि पुढे धावायच्या घाईत नजर आधीच वळली, तर चेंडू छातीशी यायच्या आत निसटतो.

यातलं काहीही २०२४ मध्ये शोधलं गेलेलं नाही. बदलला आहे तो हातमोजा. आजच्या रिसीव्हरच्या मोज्याच्या तळव्यावर सिलिकॉनचा चिकट थर असतो आणि तो वरच्या तिन्ही चुकांना थोडी थोडी माफी देतो. कार्टर कॉलेजात होता तेव्हा असे मोजे सर्रास नव्हते.

आणि तरी २८ डिसेंबर १९८५ चा सिट्रस बोल आहे. ओहायो स्टेटने ब्रिगहॅम यंगला १०–७ असं हरवलं त्या सामन्यात क्वार्टरबॅक जिम कारसॅटोस दबावाखाली चेंडू बाहेर फेकून द्यायला निघाला होता. बाजूच्या रेषेवरून कार्टर उडाला, बाहेर जाणारा चेंडू एका हाताने ओढला आणि पाय आत ठेवून उतरला. कॉलेजमध्ये एकच पाय आत लागतो, एनएफएलमध्ये दोन. पण फेकून दिलेल्या चेंडूखाली तो एक पाय आत ठेवणं ही वेगळीच कसरत. रेषेशी असलेलं हे नातंच पुढे व्यावसायिक खेळात कार्टरची ओळख झालं आणि २०१३ मध्ये तो प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला.

रेषेवरून आठवलं, मैदानाची भूमितीही तेव्हा वेगळी होती. मैदानाची रुंदी १६० फूट. १९९३ पर्यंत कॉलेजच्या हॅश खुणा (ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये चेंडू ठेवून पुढचा डाव सुरू होतो) मैदानाचे तीन समान भाग करत, म्हणजे प्रत्येक भाग ५३ फूट ४ इंच. १९९३ मध्ये खुणांमधलं अंतर ४० फूट केलं गेलं. त्याआधी चेंडू एका खुणेवर लागला की जवळच्या बाजूला रिसीव्हरला फक्त ५३ फूट मिळत, आज ६० मिळतात. अरुंद बाजूच्या रिसीव्हरला कॉर्नरबॅक आणि रेषा या दोघांशी लढावं लागतं. त्याची बाहेर वळायची जागा ६ फूट ८ इंचांनी कमी होती.

मग असे जुने झेल लोकांना का माहीत नाहीत? कॅमेऱ्यांमुळे. २७ जून १९८४ पर्यंत कुठला सामना दूरचित्रवाणीवर दाखवायचा हे एनसीएए ठरवत असे. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. कार्टरचा पहिला हंगाम हा त्यानंतरचा पहिलाच हंगाम. स्मिथचा प्रत्येक झेल अनेक कोनांतून, संथ गतीने, काही मिनिटांत जगभर पोचतो. कार्टरचे कित्येक झेल फक्त स्टेडियममधल्या लोकांनी पाहिले.

‘स्मिथकडे राष्ट्रीय विजेतेपद आहे’

आहे. पण १९८४ मध्ये विजेता मतदानाने ठरत असे, प्लेऑफ नव्हतंच, आणि बिग टेनचा विजेता करारानेच रोझ बोलला जात असे. ओहायो स्टेटने ती परिषद जिंकली आणि रोझ बोलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाकडून १७–२० ने हरलं. २०२४ चा संघ ओरेगॉनकडून ३१–३२ आणि मिशिगनकडून १०–१३ ने हरला होता, परिषदेच्या अंतिम सामन्यातही नव्हता. जुन्या पद्धतीत त्याला विजेतेपदाच्या चर्चेत जागाच मिळाली नसती. नव्या पद्धतीत तो आठव्या मानांकनावरून आत आला आणि टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस, नोत्र दाम यांना ओळीने हरवून जिंकला. हे यश संघाचं आणि ते निर्विवाद आहे. दोन रिसीव्हर तोलायचं माप म्हणून ते चालत नाही.

टेक्ससविरुद्धचा उपांत्य सामना बघा. स्मिथचा एकच झेल, तीन यार्ड. ओहायो स्टेट २८–१४ ने जिंकलं. ‘झेल म्हणजे योगदान’ हे माप लावलं तर त्या दिवशी स्मिथ जवळजवळ गैरहजर होता. प्रत्यक्षात टेक्ससने त्याच्यावर माणसं वाढवली होती: एक त्याच्या अंगावर, दुसरा त्याच्या डोक्यावरून खोल. अशा रचनेत चेंडू त्याच्याकडे टाकणं हा हट्ट ठरतो. दुसरा रखवालदार जिथून उचलला ती जागा इतरांना मोकळी मिळते. पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी समोरच्या संघाने आपला बचाव वाकवावा, याहून मोठी पावती नाही. आणि ती त्या १,३१५ मध्ये फक्त ३ म्हणून नोंदली जाते.

‘कारकिर्दीतही तो मागे टाकेलच’

कार्टरची कॉलेज कारकीर्द तीनच हंगामांची: १६८ झेल, २,७२५ यार्ड, २७ टचडाउन. नियमाबाहेर जाऊन एजंटशी करार केल्याने त्याचं १९८७ चं शेवटचं वर्ष गेलं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा आहे. स्मिथला ती पहिल्या दिवसापासून मिळाली आणि २०२५ मध्येही त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. कार्टरची बेरीज ओलांडली जाणं स्वाभाविक आहे. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

मग स्मिथचं मोठेपण कुठे बघायचं

चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाशी नाही, त्याच्याच काळातल्या, त्याच खोलीतल्या माणसांशी लावून बघा. तोच संघ, तोच रिसीव्हर प्रशिक्षक ब्रायन हार्टलाइन, पासवर भर देणारी तीच धाटणी. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, ज्याने दुसऱ्या वर्षी १,६०६ यार्ड केले, त्याचे पहिल्या वर्षी १० झेल आणि ४९ यार्ड होते, कोविडमुळे तोकड्या झालेल्या २०२० मध्ये. मार्विन हॅरिसन ज्युनियर, जो पुढे एनएफएलच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर गेला, त्याचे पहिल्या वर्षी ११ झेल, १३९ यार्ड. इग्बुकाचे ९ झेल, १९१ यार्ड. तिघेही पुढे पहिल्या फेरीत निवडले गेलेले रिसीव्हर, आणि तिघांनाही ओळीत थांबावं लागलं. स्मिथ थांबला नाही. त्या तिघांच्या पहिल्या वर्षांची बेरीज ३० झेल आणि ३७९ यार्ड होते. स्मिथने तेवढे, ३८१ यार्ड, फक्त प्लेऑफच्या चार सामन्यांत केले.

परिषदेत शोधलं तर खरा प्रतिस्पर्धी सापडतो तो पर्ड्यूचा रॉन्डेल मूर. २०१८ मध्ये थेट पहिल्या वर्षी ११४ झेल, १,२५८ यार्ड, १२ टचडाउन, १३ सामन्यांत. सामन्यामागे ९७ यार्ड, म्हणजे स्मिथच्या ८२ पेक्षा जास्त. ‘पहिल्या वर्षी असं कुणी केलंच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे नाव आधी वाचावं. ओहायो स्टेटवाले तर ते विसरूच शकत नाहीत: २० ऑक्टोबर २०१८ च्या ४९–२० मध्ये त्याने त्यांच्याविरुद्ध १२ झेल आणि १७० यार्ड केले होते. फरक झेलांच्या जातीचा. मूरचे ११ यार्ड प्रति झेल, बहुतेक आखूड पास आणि नंतरची पळापळ. स्मिथचे १७.३. मूरला चेंडू देऊन डाव सुरू होत असे, स्मिथला चेंडू मिळतो तो बचाव ओलांडल्यावर.

(मायकेल क्रॅबट्रीचे २००७ मधले १,९६२ यार्ड या यादीत घालू नका. तो रेडशर्ट होता, एक वर्ष न खेळता संघाबरोबर सराव केलेला.)

आणि कार्टरशीच लावायचं असेल, तर लावायला एक सुंदर दिवस आहे. १ जानेवारी १९८५, पासाडेना, रोझ बोल: पहिल्या वर्षाचा कार्टर, ९ झेल, १७२ यार्ड, पराभव. १ जानेवारी २०२५, तेच गाव, तोच सामना, बरोबर चाळीस वर्षांनी: पहिल्या वर्षाचा स्मिथ, ७ झेल, १८७ यार्ड, २ टचडाउन, ओरेगॉनवर ४१–२१ विजय. इथे सामने जास्त-कमी नाहीत, वह्यांचा घोळ नाही, मैदान दोघांनाही गवताचंच. फरक १५ यार्डांचा. बायर्सच्या छायेत उभा असलेला मुलगा संधी मिळाली की काय करू शकतो हे त्या १७२ मध्ये दिसतं, आणि म्हणूनच ‘दुप्पट’ हा शब्द आम्हाला इतका खटकतो.

तरीही त्या दोन दिवसांतला आम्ही स्मिथचा वर ठेवू, त्याचं कारण १८७ हा आकडा नाही. कारण ओरेगॉन आहे. १२ ऑक्टोबरला याच संघाविरुद्ध स्मिथने ९ झेलांत १०० यार्ड केले होते, झेलामागे ११. त्या सामन्याच्या अखेरीस बचावपटूला ढकलल्याचा दंड त्याच्यावरच लागला, संघ फील्ड गोलच्या (चेंडू लाथाडून गुण मिळवायच्या) टप्प्यातून मागे गेला आणि एका गुणाने हरला. ८१ दिवसांनी तेच प्रशिक्षक, तोच बचाव, त्याच्या खेळाची चित्रफीत त्यांच्या हातात. आणि सामन्याच्या सुरुवातीलाच ४५ यार्डांचा टचडाउन, पुढे ४३ यार्डांचा. झेलामागे २६.७ यार्ड. ओरेगॉनने ऑक्टोबरमध्ये त्याला समोर आखूड झेल घेऊ दिले होते, जानेवारीत तो त्यांच्या मागे गेला.

अंतिम सामन्यात २० जानेवारीला हेच पुन्हा दिसलं. नोत्र दाम एकास एक पहारा देतं हे ओळखून पहिला टचडाउन आखला गेला: स्मिथ आत धावत सुटल्यासारखा सरकला, अचानक उलटा बाहेर वळला, आणि आठ यार्डांवरून एकटाच आत गेला. ते आखणीचं यश होतं. शेवटचा झेल त्याचा स्वतःचा. ३१–२३ अशी आघाडी, तीन मिनिटांहून कमी वेळ, तिसरा डाउन आणि अकरा यार्ड हवेत, चेंडू स्वतःच्या ३४ यार्डांवर. अशा वेळी सावध संघ धाव घेतो, घड्याळ पळवतो आणि चेंडू लाथाडून देतो. ओहायो स्टेटने तो पहिल्या वर्षाच्या मुलाकडे खोल टाकला, एका कॉर्नरबॅकविरुद्ध, मदतीला कुणी नसताना. ५६ यार्ड, थेट समोरच्या दहा यार्डांपर्यंत. बायर्सच्या संघात तिसऱ्या डाउनला नाइलाजाने पास यायचा, या संघाने तो पर्याय असताना निवडला.